कोल्हा गेला का?

४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

फोनवर तू दोन वाक्यं बोलतेस आणि ‘ठेवते गं ताई’ म्हणतेस, म्हणून आपला पत्रांचा जुना शिरस्ता पुन्हा सुरू करतेय. आता निमूट वाच. मध्येच तोंड घालायची सोय नाही.

आधी माझी बातमी. दातांच्या कवळ्या करतात त्या प्रयोगशाळेत मला ठेवून घेतलंय, पण अजून कच्ची. उन्हाळ्यापर्यंत एकही खाडा झाला नाही तर पक्की करतील. फळीवर कवळ्या ओळीने मांडलेल्या असतात आणि माझं काही चुकलं की सगळ्या मिळून मला हसतात असं वाटतं. तुझे भावजी जहाजावर, ते काही एवढ्यात उगवत नाहीत. म्हणून भिंगरीला पाळणाघरात घातलं. खरं तर जागा नव्हती. पण तिथल्या मोठ्या बाई फार गोड स्वभावाच्या. म्हणाल्या, ‘अहो, एवढंसं लेकरू, बसवून घेऊ की.’

आणि काय जादू केलीय त्यांनी! आपली भिंगरी, जी झोपेतसुद्धा बडबडते, ती गप्प बसायला शिकली. परवा दारावरची बेल वाजली. इस्त्रीवाला होता. कपडे घेऊन वळते तर ही गायब. पलंगाखाली नाही, न्हाणीघरात नाही. हाका मारमारून घसा बसला. शेवटी कपाट उघडलं तर बाईसाहेब रजयांच्या मागे, डोळे टक्क उघडे, ओठांवर बोट. मी ओरडले, ‘अगं, ओ का देत नाहीस?’ तर कुजबुजत मलाच विचारते, ‘कोल्हा गेला का?’

कुठल्या तरी गोष्टीतला कोल्हा असणार. मी हसून हसून बेजार झाले. तू तर अशीच पाळणाघरं तपासत गावोगाव फिरतेस, तुला असली वेडी पोरं रोज भेटत असतील.

जेवत जा वेळेवर.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ताई,

नोकरीचं वाचून फार बरं वाटलं. कवळ्यांना माझा नमस्कार सांग.

माझं नेहमीचंच चाललंय. फाटकाची कडी मुलांच्या हाताला लागत नाही ना, नळाचं पाणी फार कढत नाही ना, फिनेल कुलपात आहे ना, बाहेर पडायचं दुसरं दार मोकळं आहे ना. सगळं पाहून झालं की मी गुडघ्यांवर बसते आणि तशीच खोलीभर रांगते. आमचे टेपवाले साहेब, जे तुझ्या गावाकडची तपासणी करतात आणि मापाची टेप गळ्यात घालूनच हिंडतात, ते मला हसतात. पण खालून जे दिसतं ते उभ्याने दिसत नाही गं.

तुला सहज म्हणून विचारते. भिंगरीची खुंटी कुठल्या चित्राची आहे? प्रत्येक पाळणाघरात भिंतीवर खुंट्या असतात, प्रत्येकीवर एक चित्र, छत्री, मासा, फुगा असं काहीतरी. परवान्यात जितकी मुलं, तितक्याच खुंट्या. मुलांना आपलं नाव वाचता येत नाही पण आपली खुंटी बरोबर ओळखतात. आणि ती दुपारी कुठे झोपते? बेल वाजल्यावर ती तिथेही अशीच लपते का?

सवयच लागलीय विचारायची, मनावर घेऊ नकोस. तिला सांग, मावशीने मोठ्ठा पापा पाठवलाय.

बारकी


१५ फेब्रुवारी

बारके,

सवय लागलीय म्हणे! लहानपणी माझ्या वेणीत उवा शोधायचीस, आता पाळणाघरात. तुला सगळीकडे खोटच दिसते. तरी विचारलंयस म्हणून सांगते, नाहीतर तू काही मला सुखाने झोपू देणार नाहीस.

भिंगरीला खुंटी नाही. तिची पिशवी स्वयंपाकघरातल्या टोपलीत असते. तिच्यासारखी आणखी काही मुलं आहेत, बाई त्यांना ‘पाहुणी मुलं’ म्हणतात. आणि त्या कोल्ह्याचा उलगडाही झाला. भिंगरीनेच सांगितला, खाऊच्या आमिषाने. तिथे एक खेळ आहे. बेल वाजली की पाहुणी मुलं ससे होतात. मागच्या दाराशी दुधाच्या पावडरच्या खोक्यांची चळत आहे, तिच्यावरून पायऱ्यांसारखं चढून तिथली आया त्यांना माळ्यावर नेते आणि फळी सरकवून घेते. मग बिळात चिडीचूप. कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आई आली तरी नाही, आयाने बोलावलं तरी नाही. मोठ्या बाई स्वतः येऊन गाण्यासारखं म्हणतात, ‘ससुल्यांनो, कोल्हा गेला,’ तेव्हाच बाहेर यायचं. जो अगदी गप्प राहील त्याला मनुका.

तो कोल्हा म्हणजे कोण, हे माझ्याही लक्षात आलंय. मी काही बावळट नाही. पण बारके, बाईंनी घेतलं नसतं तर मी तिला कुठे ठेवणार होते? कवळ्यांच्या फळीवर? या गावात दुसरीकडे विचारून पाय झिजले माझे. हे बंद पडलं तर माझ्यासारख्या कितीजणी रस्त्यावर येतील. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, त्या टेपवाल्यांपाशी चकार शब्द काढू नकोस.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई गं,

तुझं पत्र वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. दोनदा फोन केला, तू ‘कामात आहे’ म्हणून ठेवून दिलास.

मला भीती वाटतेय. साधी काळजी नाही, भीती. पाळणाघरात बेल दोनच वेळा मोठ्याने वाजते. आम्ही आलो तर, नाहीतर आग लागली तर. तीन वर्षांच्या मुलीला त्यातला फरक कसा कळणार? खाली धूर झाला, बेल वाजली, की भिंगरी काय करेल? माळ्यावर जाईल. अग्निशमनवाले ओरडतील, ‘कुणी आहे का?’ आणि ती ओठांवर बोट ठेवून बसेल, कारण तिला तेच शिकवलंय आणि ती हुशार आहे. बाकीची मुलं अंगणात उभी करून मोजतील, सगळी भरतील. पाहुण्यांना मोजणार कोण?

ज्या दाराने पळायचं त्याच दाराशी खोकी रचलीत. ताई, मी असली दारं पाहिली आहेत. एका ठिकाणी आग लागून गेल्यानंतर मला पाठवलं होतं. पुढचं लिहीत नाही.

तिला उद्याच काढ. माझ्याकडे पाठव, शेजारी ठेव, काहीही कर. तू तिला काढलंस की मी गप्प बसते, तुझी शपथ मोडणार नाही. पण तिला काढ. हात जोडते.

बारकी


२४ फेब्रुवारी

बारके,

काढलं बाई, काढलं! तुझं पत्र वाचून माझ्याही अंगावर काटा आला. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे ठेवते आता. त्यांच्याकडे चिंध्या आणि रिकामी रिळं भरपूर, भिंगरी खूश आहे.

झालं समाधान? आता नीट झोप आणि तू शब्द दिलायस तो पाळ. बाईंचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही.

इथे कामाचा डोंगर आहे. मालक म्हणतात, पुढच्या आठवड्यात कुणी खाडा केला तर त्याने यायचंच नाही. घाईत लिहिते आहे.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

जीव भांड्यात पडला. काकूंना माझे शंभर आभार सांग. आणि रिळं ती गिळणार नाही एवढी जाडजूड आहेत ना, ते बघ. (चिडू नकोस.)

काल कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. शब्दाची काळजी नको. मी सुट्टी मिळाली की येतेच.

बारकी


१७ मार्च

बारके,

तुझे फोन येताहेत, माहीत आहे. मी मुद्दाम उचलत नाही. हे फोनवर सांगता येणार नाही. म्हणून लिहिते.

मी खोटं बोलले होते. काकूंनी नाही म्हटलं होतं, त्यांच्या सुया सगळीकडे पडलेल्या असतात. कामावर खाडा करायची हिंमत झाली नाही. म्हटलं, थोडेच दिवस, एकदा पक्की झाले की काढते. भिंगरी रोज जात होतीच.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी तिला आणायला गेले. पुढच्या दाराला अनोळखी कुलूप, त्यावर कागदाची पट्टी आणि लाल लाख. तुमच्या खात्याचा शिक्का. आत दिवा नाही. समोरचा दुकानदार म्हणाला, दुपारी तपासणी आली होती, सगळ्यांच्या घरी फोन करून मुलं नेऊ दिली, मग बंद केलं. मला कुणी फोन केला नव्हता. मी म्हटलं, माझी मुलगी? तो म्हणाला, ‘अहो, साहेबांनी स्वतः भिंतीपाशी उभं राहून बघितलं. एकेक खुंटी रिकामी होईपर्यंत हलले नाहीत. सगळी गेली.’

बारके, तिला खुंटी नव्हती.

मी मागच्या गल्लीत धावले. तिथे आया पायरीवर बसून रडत होती. बेल वाजल्याबरोबर तिने सशांना वर चढवलं होतं, नेहमीसारखं. मग साहेबांनी मागचं दार बघितलं आणि आधी ती सगळी खोकी बाहेर काढायला लावली. दार अडलेलं नको, नियम म्हणजे नियम. वर जायचा रस्ताच गेला. सील करणार म्हटल्यावर मोठ्या बाई जागच्या जागी कोसळल्या, त्यांना दवाखान्यात नेलं. आयाच्या तोंडून भीतीने शब्द निघेना. तिला वाटलं, लोक गेले की मागच्या दाराने मुलांना काढू. पण मागच्या दारालाही कुलूप लागलं आणि किल्ली साहेबांच्या खिशात गेली. तेव्हापासून ती तिथे बसून होती. पोलिसांकडे जायला घाबरत होती. मी तिच्या कानाखाली वाजवली. आता वाईट वाटतं.

कवळीभोवतीचं प्लास्टर फोडायची हातोडी माझ्या पिशवीत होती. तुमच्या खात्याचं सील मी त्या हातोडीने फोडलं, कडी उखडली. आत गेले. आतली हवा भट्टीसारखी. ‘भिंगरे! भिंगरे, आई आलीय!’ मी किंचाळत होते. काही नाही. हुंकार नाही, खुसपूस नाही. एवढी पोरं वर आहेत आणि एवढी शांतता, बारके. मला वाटलं सगळी गेली.

आया मागून म्हणाली, ‘ताई, ते येणार नाहीत. आईच्या हाकेला यायचं नाही असं शिकवलंय.’ मग मला आठवलं. मी डोळे पुसले, आवाज गोड केला, बाई काढतात तसा हेल काढला आणि म्हणाले, ‘ससुल्यांनो, कोल्हा गेला.’

फळी सरकली.

बाकांवर बाक चढवून आम्ही एकेकाला खाली घेतलं. घामाने न्हालेली, ओठ सुकलेले, डोळे टक्क. भिंगरी शेवटची. ती खाली येईना, कारण तिचा हात मोकळा नव्हता. तिच्या मांडीवर सगळ्यांत धाकटा होता, जेमतेम चालायला लागलेला. तो रडायला लागला असणार. तिने त्याचं तोंड दाबून धरलं होतं. किती वेळ, देव जाणे. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तो काळानिळा पडला होता. मी त्याला पालथा केला, पाठीवर थोपटलं, आणि त्याने श्वास घेतला. तसला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मग तो रडायला लागला आणि आम्ही दोघीही त्याच्याबरोबर रडायला लागलो.

दवाखान्यात सगळ्यांना तपासलं. सगळी वाचली. तोही वाचला.

एकटी भिंगरी तेवढी रडली नाही. तिने हात पुढे केला आणि मला म्हणाली, ‘मी जिंकले ना? मनुका दे.’

तपासणी तूच पाठवलीस का? एवढंच लिही.

ताई


२० मार्च

ताई,

हो.

तुझं चोवीस तारखेचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी टेपवाल्या साहेबांना कळवलं. भिंगरी सुटली, आता बाकीची मुलं सुटायला हवीत, एवढंच डोक्यात होतं. तुला कळवायची हिंमत झाली नाही. तुला ‘शब्दाची काळजी नको’ लिहिलं तेव्हा कळवून झालेलं होतं.

पण त्यांना मी फक्त मागच्या दाराचं आणि तिथल्या खोक्यांचं सांगितलं. माळ्याचं सांगितलं नाही. ससे, फळी, कोल्हा, यातलं काहीच नाही. हे सगळं कुणा आईनेच फोडलं असणार हे बाईंना लगेच कळलं असतं, आणि तुझ्यावर बोट आलं असतं. तुला झाकायला गेले मी. मला वाटलं होतं, ते दार मोकळं करायला सांगतील, मुदत देतील, परत येतील. ते तिथल्या तिथे बंद करतील असं मनातही आलं नाही.

साहेब त्या दिवसापासून कामावर आलेले नाहीत. काल मी त्यांच्या घरी गेले होते. मी अर्धंच सांगितलं होतं हे त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘मी खुंट्या बघितल्या हो. सगळ्या रिकाम्या होत्या.’ तेच पुन्हा पुन्हा.

मी वरिष्ठांनाही सगळं लिहून दिलंय, माझं नाव घालून. तुझं नाव गाळलेलं नाही, कारण आता काही गाळायची भीती वाटते. तुझ्यावर सील फोडल्याचा ठपका येणार नाही, असं ते म्हणालेत. मला कामावर ठेवतात की नाही, बघू.

तुला राग यायला हवा. माझ्यावर तू जन्मभर रागाव. मला रोज त्या फळीचं स्वप्न पडतं. स्वप्नात मी खाली गुडघ्यांवर रांगते आहे, सगळं नीट तपासते आहे, आणि वर बघतच नाही.

मी येऊ का? तू नको म्हणालीस तर नाही येणार.

बारकी


२६ मार्च

बारके,

रागावले होते. दोन दिवस तुझं पत्र उशीखाली ठेवून तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या, अगदी लहानपणच्या सगळ्या काढून. मग आठवलं की तू काढ म्हणाली होतीस आणि मी काढलं म्हणून लिहिलं होतं. तू मला झाकायला गेलीस आणि मी नोकरी झाकायला. मधल्या मध्ये ती माळ्यावर बसली. यात कोण जास्त चुकलं ते आपण म्हाताऱ्या झाल्यावर भांडून ठरवू.

खाडे झाले, नोकरी गेली. मी आता घरीच आहे, आणि अजून तिला नजरेआड करत नाही. स्वयंपाक करतानाही ती ओट्याखाली खेळते. बाई बऱ्या झाल्या, पण कुणाला तोंड दाखवत नाहीत. त्या धाकट्याची आई भेटायला आली होती. तिने भिंगरीला जवळ घेतलं. मला तिच्याकडे बघवेना.

ये तू. पण नीट ऐक. बेल वाजवू नकोस. बेल मी काढून टाकलीय, भिंतीतून नुसत्या वायरी लोंबताहेत, आल्यावर त्यावरून मला बोल. दार ठोठावूही नकोस. दारावर थाप पडली तरी ती अजून कपाटात जाते, आणि मी हाक मारली तर येत नाही. तिला बाहेर काढायला मला रोज त्या बाईंचा आवाज काढावा लागतो. माझ्या पोटच्या पोरीला माझ्या आवाजाने बोलावता येत नाही गं.

तेव्हा तू खाली रस्त्यावर उभी राहा आणि तिथूनच मोठ्याने हाक मार. लोक बघतील, बघू देत. ‘भिंगरे, मी मावशी!’ म्हण. ती ओ देईपर्यंत मारत राहा. मी वर खिडकीशी बसून ऐकते.

आणि काहीतरी ठरवून ये. तू कुठल्या ऑफिसात जातेस हे तिला आता कळलंय. काल झोपताना माझ्या कानाशी लागून तिने विचारलं, ‘आई, मावशी कोल्हा आहे का?’

मी म्हटलं, मावशी आली की तिलाच विचार.

ताई